काखेत कळसा, गावाला वळसा : समोरची वस्तू मेंदूला का सापडत नाही?

डोळे उघडे, उजेड भरपूर आणि वस्तूही समोरच. तरी ती दिसत नाही. आपण याला वेंधळेपणा म्हणतो. प्रत्यक्षात मेंदू ज्या पद्धतीने शोध घेतो, त्या पद्धतीतच याचे कारण दडले आहे. घरात किल्ली शोधताना त्याचा फक्त वैताग येतो. विमानतळावर बॅगा तपासताना किंवा कर्करोगाची गाठ शोधताना मात्र हीच गोष्ट जिवावर बेतू शकते.

"आई, जिऱ्याचा डबा सापडत नाहीये." "तिथेच आहे, नीट बघ." "नाहीये गं!" मग आई येते, त्याच फळीवर हात घालते आणि डबा काढून देते. हा संवाद बहुतेक मराठी घरांत कधी ना कधी झालेला असतो. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हणही अशाच अनुभवातून आली असावी.

मेंदू वस्तू कशी शोधतो, याचा शास्त्रज्ञ गेली चार-पाच दशके बारकाईने अभ्यास करत आहेत. त्यातून पुढे आलेले उत्तर थोडक्यात असे : आपण समोरचे सगळे पाहून त्यातून वस्तू निवडत नाही. ती कुठे असेल आणि कशी दिसत असेल, याचा मेंदू आधी अंदाज बांधतो आणि त्या अंदाजानुसारच पाहतो. अंदाज बरोबर असला की वस्तू क्षणात सापडते. तो चुकला की समोरची वस्तूही हरवते.

आपल्याला एका वेळी किती दिसते?

डोळा कॅमेऱ्यासारखा असतो, असे आपण शाळेत शिकलो. पण मोबाइलचा कॅमेरा फोटोचा जवळपास प्रत्येक कोपरा सारख्याच बारकाईने टिपतो, डोळ्याचे तसे नाही. दृष्टिपटलाच्या मध्यावर 'फोव्हिया' नावाचा छोटा खळगा असतो. त्याचा व्यास साधारण दीड मिलिमीटर. बारीक तपशील आणि रंग टिपणाऱ्या शंकूपेशींची सर्वाधिक दाटी तिथे असते. हात लांब करून अंगठा समोर धरला, तर त्या अंगठ्याच्या रुंदीएवढा भागच आपल्याला सर्वांत स्पष्ट दिसतो. बाकीचे दृश्य कडेकडे अस्पष्ट होत जाते.

हे आत्ताच तपासून पाहता येईल. या ओळीतल्या एखाद्या शब्दावर नजर रोखा आणि नजर अजिबात न हलवता चार ओळी खालचा शब्द वाचा. तिथे अक्षरे आहेत एवढे कळेल, पण ती वाचता येणार नाहीत.

निसर्गाने अशी काटकसर का केली असावी? एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या १२ कोटींहून अधिक पेशी असतात. पण डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेतील तंतू असतात सुमारे १० लाख. म्हणजे माहिती प्रचंड आणि वाहिनी अरुंद. सगळे दृश्य उच्च दर्जात पाठवण्याएवढी 'बँडविड्थ'च नाही. म्हणून डोळे सेकंदाला तीन-चार वेळा उडी मारतात आणि दर वेळी एक छोटा तुकडा नीट पाहतात. वस्तू शोधणे म्हणजे पुढची उडी कुठे मारायची, हे सतत ठरवत राहणे.

तांदळातला काळा खडा पटकन का दिसतो?

ताटात तांदूळ पसरून निवडायला बसले की काळा खडा लगेच नजरेत भरतो. ताटात मूठभर तांदूळ असोत की किलोभर, फारसा फरक पडत नाही. पांढरा खडा मात्र बोटाने दाणे सारत, एकेका भागावर नजर फिरवत शोधावा लागतो. तांदूळ जितका जास्त, तितका वेळ जास्त.

हाच फरक मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीसमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० मध्ये प्रयोगांतून मांडला. वेगळ्या रंगाचे अक्षर शोधायचे असेल, तर पडद्यावर अक्षरे कितीही वाढवली तरी वेळ जवळपास तेवढाच लागत होता. पण दोन गुण एकत्र असलेली वस्तू शोधायची म्हटली की चित्र बदलायचे. उदाहरणार्थ, हिरवा 'टी' शोधायचा आहे आणि आजूबाजूला तपकिरी 'टी' व हिरवे 'एक्स' आहेत. इथे प्रत्येक जास्तीच्या अक्षरामागे शोधाचा वेळ वाढत गेला.

ट्रीसमन यांचा निष्कर्ष असा होता की रंग, दिशा, आकारमान, हालचाल असे सुटे गुण मेंदू संपूर्ण दृश्यात एकाच वेळी तपासतो. पण 'रंग हिरवा आणि आकार टी' अशी जोडणी करायला त्या जागी लक्ष न्यावे लागते आणि लक्ष एका वेळी मोजक्याच जागी जाते. संगणकाच्या भाषेत सांगायचे, तर पहिले काम समांतर चालते, दुसऱ्याला रांग लागते.

मग गर्दीतली आपली गाडी कशी सापडते?

रेल्वे स्थानकाबाहेरचे पार्किंग डोळ्यांसमोर आणा. शेकडो दुचाकी आहेत आणि तुमची आहे लाल स्कूटर. तिथे लाल मोटारसायकलीही आहेत आणि काळ्या, पांढऱ्या स्कूटरही. म्हणजे शोध दोन गुणांचा आहे. तरी आपण पहिल्या गाडीपासून एकेक गाडी तपासत जात नाही.

हे कसे जमते, याचे उत्तर अमेरिकेतील संशोधक जेरेमी वुल्फ यांनी १९८९ मध्ये सहकाऱ्यांसोबत मांडलेल्या 'मार्गदर्शित शोध' या सिद्धांतात आहे. मेंदू आधी सुट्या गुणांची चाळणी लावतो. 'लाल' म्हटले की सगळ्या लाल ठिपक्यांचे वजन वाढते, काळ्या-पांढऱ्या गाड्या मागे पडतात. मग उरलेल्या थोड्या जागीच नजर जाते. खरेदीच्या ॲपवर आपण रंग आणि किमतीचे फिल्टर लावतो, तसेच हे.

नजरेला वाट दाखवणारे पाच घटक वुल्फ आणि टॉड होरोविट्झ यांनी २०१७ मध्ये एकत्र मांडले. पहिला, वस्तूचा उठावदारपणा : झगमगणारा दिवा आपोआप लक्ष वेधतो. दुसरा, आपण काय शोधतोय, त्याचे गुण. तिसरा, जागेची रचना. चौथा, आधीच्या शोधांचा अनुभव. पाचवा, त्या वस्तूचे आपल्या लेखी असलेले मोल. यांपैकी पहिला घटक दृश्यात असतो. उरलेल्यांत मात्र आपली गरज, अनुभव आणि अपेक्षा यांचा मोठा वाटा असतो.

मेंदूच्या आत नेमके काय घडते?

डोळ्याकडून आलेले संकेत मुख्यतः डोक्याच्या मागच्या भागातील दृष्टिकेंद्रात पोहोचतात. तिथून ते ढोबळमानाने दोन वाटांनी पुढे जातात. खालची वाट कानशिलामागच्या भागाकडे जाते आणि 'ही वस्तू काय आहे' हे ओळखते. वरची वाट माथ्याकडे जाते आणि 'ती कुठे आहे' याचा हिशेब ठेवते. लेस्ली उंगरलायडर आणि मॉर्टिमर मिश्किन यांनी १९८२ मध्ये ही विभागणी मांडली.

शोध सुरू होतो तेव्हा या दोन्ही वाटांवर कपाळामागच्या भागातून सूचना येऊ लागतात. हव्या असलेल्या वस्तूचा एक तात्पुरता नमुना मेंदू स्मृतीत धरून ठेवतो. १९९३ मधील एका प्रयोगात माकडांना आधी एक चित्र दाखवले गेले. थोड्या वेळाने दोन चित्रे समोर आली आणि त्यातल्या आधीच्या चित्राकडे त्यांनी नजर वळवायची होती. वस्तू ओळखणाऱ्या भागातील पेशी सुरुवातीला दोन्ही चित्रांना प्रतिसाद देत होत्या. पण डोळे वळण्याच्या साधारण एक दशांश सेकंद आधीच नको असलेल्या चित्राचा प्रतिसाद दबला. पेशी जणू हवे तेच चित्र समोर आहे, अशा वागू लागल्या.

माणसांमध्येही असेच काही दिसते. २०१३ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लोकांना एमआरआय यंत्रात चित्रफिती दाखवल्या गेल्या. एकदा त्यात माणसे शोधायला सांगितले, एकदा वाहने. चित्रफिती त्याच, पण मेंदूचा प्रतिसाद बदलला. जे शोधायचे होते त्याला आणि त्याच्याशी मिळत्याजुळत्या गोष्टींना मेंदूने जास्त जागा दिली, बाकीच्यांची जागा आक्रसली.

नमुना जितका अचूक, तितका शोध जलद. वस्तूचे नाव सांगण्यापेक्षा तिचे चित्र दाखवले तर लोक ती लवकर शोधतात, हे प्रयोगांत दिसले आहे. याची दुसरी बाजूही आहे. फोनचे कव्हर काळ्याचे निळे केले आणि मेंदूतला नमुना काळाच राहिला, तर टेबलावर समोर असलेला निळा फोन नजरेतून सुटू शकतो.

जागेचे 'व्याकरण' म्हणजे काय?

उशी शोधायला आपण छताकडे पाहत नाही आणि पंखा शोधायला जमिनीकडे पाहत नाही. साबण बेसिनजवळ, चपला दाराशी, झाडू कोपऱ्यात. वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद यांच्या जागा ठरलेल्या असतात, तशाच घरात वस्तूंच्याही असतात. जर्मनीतील संशोधक मेलिसा व्हो याला दृश्याचे व्याकरण म्हणतात. खोलीवर नजर पडताच, एका सेकंदाच्याही छोट्या अंशात, हे स्वयंपाकघर आहे की बैठकीची खोली, हे मेंदूला कळते आणि शोधाचा परिसर लगेच लहान होतो.

पण या व्याकरणाची किंमत मोजावी लागते. २०१७ मध्ये सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मिगेल एकस्टाइन आणि सहकाऱ्यांनी लोकांना न्हाणीघरासारख्या दृश्यांत वस्तू शोधायला दिल्या. काही चित्रांत ती वस्तू, उदाहरणार्थ टूथब्रश, नेहमीपेक्षा कितीतरी मोठी होती. वस्तू मोठी म्हणजे सापडायला सोपी, असे वाटेल. झाले उलटेच : अवाढव्य वस्तू लोकांच्या नजरेतून जास्त वेळा सुटल्या. 'टूथब्रश एवढ्या आकाराचा नसतो' हे मेंदूने आधीच ठरवले होते. विशेष म्हणजे संगणकाच्या न्यूरल नेटवर्कने ही चूक केली नाही. पण आकार चुकीचा असलेल्या भलत्याच वस्तूला टूथब्रश समजून फसण्याच्या बाबतीत माणूस अधिक सावध असतो. म्हणजे हीच सवय एरवी आपल्याला वाचवतेही.

दुर्मीळ गोष्ट नजरेतून का सुटते?

आता या विषयातला सर्वांत गंभीर भाग. प्रत्येक शोधात मेंदूला आणखी एक निर्णय घ्यायचा असतो : थांबायचे कधी? 'इथे काही नाही' असे म्हणून पुढे कधी जायचे? हा निर्णयही मेंदू अनुभवावरून घेतो. वस्तू वारंवार सापडत असेल तर तो चिकाटीने पाहतो. क्वचितच सापडत असेल तर लवकर आटोपते घेतो.

वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात याचे मोजमाप प्रसिद्ध केले. प्रयोगात सहभागी झालेल्यांना वस्तूंनी गजबजलेल्या, बॅगेच्या एक्स-रेची आठवण करून देणाऱ्या चित्रांत अवजारे शोधायची होती. निम्म्या चित्रांत अवजार होते, तेव्हा सुमारे ७ टक्के अवजारे नजरेतून सुटली. फक्त १ टक्का चित्रांत अवजार ठेवले, तेव्हा हे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले. वस्तू त्याच होत्या. बदलली होती फक्त त्या सापडण्याची शक्यता.

विमानतळावर एक्स-रेच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाचा विचार करा. आपल्याकडे बहुतेक मोठ्या विमानतळांवर हे काम सीआयएसएफचे जवान करतात. हजारो बॅगांत लॅपटॉप, चार्जर, फराळाचे डबे दिसतात. शस्त्र जवळपास कधीच दिसत नाही. कर्मचारी कितीही प्रामाणिक असला तरी त्याचा मेंदू नकळत 'काही नाही'कडे झुकू लागतो. अमेरिकेतील नवप्रशिक्षित विमानतळ तपासनीसांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हा परिणाम दिसला.

रुग्णालयातही हेच घडते. स्तनांच्या कर्करोगाच्या सर्वसाधारण तपासणीत हजार स्त्रियांमागे काही मोजक्या जणींनाच आजार आढळतो. २०१३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील आणखी एका अभ्यासात, कर्करोग असलेल्या ५० आणि नसलेल्या ५० मॅमोग्राम चित्रांना एका रुग्णालयाच्या रोजच्या कामात नऊ महिन्यांत हळूहळू मिसळले गेले. तिथे रेडिओलॉजिस्टकडून सुमारे ३० टक्के कर्करोग निसटले. हीच चित्रे प्रयोगशाळेत, म्हणजे निम्म्यांत कर्करोग आहे अशा स्थितीत, तपासली तेव्हा निसटलेल्यांचे प्रमाण १२ टक्के होते.

रोखून पाहूनही दिसत नाही?

हो, तसेही होते. २०१३ मध्येच हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचे चित्र घुसडले होते, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे. २४ पैकी २० जणांना ते दिसले नाही. नजरेचा माग घेणाऱ्या यंत्राने दाखवले की त्या २० पैकी १२ जणांची नजर थेट गोरिलावर गेली होती. या डॉक्टरांच्या कौशल्यात उणीव होती, असा याचा अर्थ नाही. गाठी शोधण्यात ते सामान्य माणसांपेक्षा कितीतरी सरस होते आणि प्रशिक्षण नसलेल्या २५ जणांपैकी एकालाही गोरिला दिसला नव्हता. नजर गेली, पण नमुन्यात न बसणारी गोष्ट मेंदूने पुढे जाऊ दिली नाही.

रेडिओलॉजीत आणखी एक जुनी, परिचित अडचण आहे. एक दोष सापडला की दुसरा निसटण्याची शक्यता वाढते. तुटलेले हाड दिसते आणि शेजारची बारीक गाठ राहून जाते. 'सापडले' म्हटले की शोध सैल पडतो.

यावर उपाय काय?

'जास्त लक्ष देऊन काम करा' ही सूचना इथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण अडचण इच्छाशक्तीची नाही. म्हणून कामाची रचनाच बदलावी लागते.

अनेक देशांतील विमानतळांवर खऱ्या बॅगांच्या चित्रांत मधूनमधून शस्त्राचे बनावट चित्र मिसळले जाते. कर्मचाऱ्याने ते ओळखून बटण दाबले की ही चाचणी होती, असे पडद्यावर दिसते. त्यामुळे शस्त्र पुरते दुर्मीळ राहत नाही. वस्तू वारंवार सापडतील असा छोटा सराव मधे दिला आणि बरोबर-चूक लगेच सांगितले, तर चुका कमी होतात, असे वुल्फ यांच्या प्रयोगांत दिसले. युरोपीय संघाच्या नियमांनुसार तपासनीसाने सलग २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ एक्स-रेची चित्रे पाहू नयेत, अशी अपेक्षा आहे. ब्रिटनच्या स्तन कर्करोग तपासणीत प्रत्येक मॅमोग्राम दोन जण स्वतंत्रपणे पाहतात.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. स्वीडनमध्ये ८० हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचणीचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एआयच्या मदतीने चित्रे तपासण्याचा भार सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाला आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही. टूथब्रशच्या प्रयोगात दिसले तसे, यंत्र आणि माणूस वेगवेगळ्या ठिकाणी चुकतात. म्हणूनच दोघांनी मिळून पाहण्याला अर्थ आहे.

घरात वस्तू सापडत नसेल तर?

• नमुना दुरुस्त करा. वस्तूचा रंग, आकार, आत्ताचे कव्हर नीट आठवा. फोनमध्ये तिचा फोटो असेल तर एकदा पाहा.

• नाव मोठ्याने म्हणा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गॅरी लुप्यान आणि डॅनियल स्विंग्ली यांच्या प्रयोगांत, ओळखीची वस्तू शोधताना तिचे नाव पुटपुटणाऱ्यांना फायदा झाला. मात्र वस्तू नेहमीसारखी दिसत नसेल, तर नाव घेतल्याने उलट अडथळाही येऊ शकतो.

• तीच जागा पुन्हापुन्हा पाहू नका. डावीकडून उजवीकडे, फळीफळीने जा. वस्तू उचलून, सरकवून पाहा. 'इथे कशाला असेल' असे वाटणारी जागाही सोडू नका.

• दुसऱ्याला बोलवा. त्याच्या डोक्यात तुमचा अंदाज नसतो.

• नेहमी हरवणाऱ्या वस्तूला भडक रंगाची फीत बांधा. तांदळातल्या काळ्या खड्यासारखी ती आपोआप दिसेल.

• औषधे, चष्मा, किल्ल्या यांची जागा ठरवून ठेवा. घरात वृद्ध असतील तर ती परस्पर बदलू नका. त्यांचा मेंदू वर्षानुवर्षांच्या जागा धरूनच शोधत असतो.

आणि घरात पुढच्या वेळी कुणी 'समोर तर होते, दिसत कसे नाही?' असे ओरडले, तर लक्षात ठेवा : पाहणाऱ्याने कदाचित खरोखरच नीट पाहिलेले असते. हीच समजूत एक्स-रेच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाबाबतही हवी. चूक झाल्यावर फक्त त्याला निलंबित केले, तरी पुढच्या शिफ्टला त्या खुर्चीवर बसणारा मेंदू तसाच असतो.